सोळावा दशांश

वडिलांच्या, अण्णांच्या वर्षश्राद्धाला विभा दादाकडे आली, तर तिथल्या यंत्रातून खुद्द अण्णाच कडाडले, "त्या साक्षीदारणीचं तोंड बघायचं नाही मला!"

विभा गारच पडली. कॉपी प्रकरणात तिनं हेडमास्तर अण्णांविरुद्ध साक्ष दिली, तेव्हापासून मरेपर्यंत अकरा वर्षं त्यांनी अबोला धरला होता. पण तिच्या घरच्या यंत्रातल्या अण्णांनी तर पहिल्याच दिवशी तिला माफ केलं होतं! वर्षभर ती रोज त्यांच्याशी बोलूनच कामावर जात होती.

मरणाआधी अण्णांचं मन दोन्ही यंत्रांत एकच उतरवलेलं. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ ताम्हाणेबाईंनी दोन्ही यंत्रं तपासली.

"यातले खरे अण्णा कुठले?" विभानं विचारलं.

"दोन्ही खरे, ताई. फक्त यंत्रांच्या कंपन्या वेगळ्या. यंत्रात मन म्हणजे नुसते आकडे, आणि सोळाव्या दशांश स्थळाला प्रत्येक यंत्र आकडा आपापल्या पद्धतीनं तोडतं. एरवी एवढ्यानं काही बिघडत नाही."

"मग इथंच कसं बिघडलं?"

"तुम्हाला माफ करावं की नाही, यावर अण्णा अगदी काठावर होते. नुसती फुंकर मारली असती, तरी तुमच्या बाजूला कलले असते."

अकरा दिवाळ्यांना विभानं अण्णांचा नंबर काढला होता, आणि 'काय उपयोग?' म्हणून फोन खाली ठेवला होता.