बापाचं नाव

“बाप मोज,” बाकावरचा म्हातारा म्हणाला.

सार्तूनं मोजले. स्वतःचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप. नवव्या नावाला म्हाताऱ्यानं हात वर केला. “पुरे. ओरोमो आहे. लाल ताडपत्रीचा ट्रक.”

टेबलामागच्या कारकुनानं वहीत लिहिलं. तो पार पश्चिमेकडून आलेला ओरोमो होता, आणि इथल्या ओरोमोंची बोली त्याला सकाळपासून निम्मीच कळत होती. “नक्की ओरोमोच ना गं? बोलतेस तर सोमालींसारखी.”

“आणि तू बोलतोस शाळेच्या पुस्तकासारखा,” सार्तू म्हणाली. रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

दहा दिवसांपूर्वी ओरोमो आणि सोमाली जमातींच्या दंगलीत बाजार जळाला होता. आता शांतता राहावी म्हणून शाळेच्या पटांगणात तांदळातले खडे निवडावेत तशी माणसं निवडणं चाललं होतं. ओरोमो लाल ट्रकमधून पश्चिमेला, सोमाली निळ्या ट्रकमधून पूर्वेला. कुठलं कूळ कुणाचं हे कागदाला कळत नाही, म्हणून दोन्हीकडचा एकेक म्हातारा बाकावर आणून बसवला होता. परवापरवापर्यंत हे दोघे एकाच टपरीवर चहा पीत बसायचे.

लेकाला, माहदला, कडेवर सावरून सार्तू लाल ट्रककडे निघाली, तेवढ्यात सोमाली म्हाताऱ्याची काठी आडवी आली.

“पोर ठेवून जा. पोर आमचं आहे.”

“तुमचं?”

“गुलेदचं ना? मग आमचंच. बाई लग्नानंतरही बापाच्याच कुळाची राहते, आणि मूल नवऱ्याच्या कुळाचं. हे काय आता तुला शिकवायचं?”

शिकवायची गरज नव्हती. सार्तूला ते लहानपणापासून पाठ होतं. पण आजवर त्यावरून फार तर कुणाच्या मयताला कुणी जायचं एवढंच ठरत असे. ट्रक भरायला त्याचा उपयोग कुणी केला नव्हता. तिचा नवरा गुलेद मालाची गाडी घेऊन बंदरावर गेलेला. रस्ते बंद, त्याचा फोनही बंद.

“तो अजून अंगावर पितो,” ती म्हणाली.

“त्याची आत्या आहे ना इथं. ती नेईल.”

अंबारो तिच्या मागेच रांगेत उभी होती. गुलेदची धाकटी बहीण. दहा दिवस दोघी एकाच सतरंजीवर झोपल्या होत्या.

एवढ्यात माहदनं आईची ओढणी ओढली. चौदा महिन्यांच्या त्या पोराला एकच शब्द येत होता. “आन,” तो म्हणाला.

“ऐकलंत?” सोमाली म्हातारा खूश झाला. “आनो म्हणाला! दुधाला आमचाच शब्द.”

“आनो कसला? आमचं आनन म्हणाला तो,” ओरोमो म्हातारा उसळला. “शेवट गिळला पोरानं.”

“गिळला कुठं? मी काय बहिरा आहे?”

सार्तूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “त्याला दूध हवंय!” ती ओरडली. “शब्द नकोय, दूध हवंय! आणि ते कुठल्या ट्रकमधून चाललंय ते बघा जरा!”

ओरोमो म्हाताऱ्यानं नजर खाली घातली. “कुळाची रीत आहे मुली. मी तरी काय करणार?”

कारकून घड्याळ बघू लागला. अंबारो पुढे आली आणि तिनं हात पसरले. “वहिनी, दे. दादा येईपर्यंत मी जपेन त्याला.”

“पाजशील काय?”

अंबारोचे पसरलेले हात खाली आले.

सार्तूनं पोराला छातीशी घट्ट धरलं. मग रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “तो गुलेदचा नाहीच.”

या गावात असं वाक्य बाईच्या मागे मरेपर्यंत फिरतं, आणि तिच्या मुलाच्या मागे त्यानंतरही. सोमाली म्हाताऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो अंबारोकडे वळला. “ही तुझ्या भावाच्या तोंडाला काळं फासतेय. सांग सगळ्यांसमोर. खोटं बोलतेय ना?”

अंबारोनं माहदकडे पाहिलं. त्याचे कान गुलेदसारखे होते, सुपासारखे बाहेर आलेले. अंबारोचेही अगदी तसेच. घामानं मागे सरकलेली ओढणी तिनं पुढे ओढली आणि कान झाकून घेतले.

“खरं बोलतेय,” ती म्हणाली. “आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.”

म्हातारा तिच्या पायाशी थुंकला.

“मग पोर आईचं,” ओरोमो म्हातारा घाईघाईनं म्हणाला. “म्हणजे आमचं!”

“तुमचंही नाही,” सार्तू म्हणाली. “तुम्ही मघाशी जमीन बघत होतात ना? तिकडेच बघा.”

कारकुनानं पेन उचललं. “बापाचं नाव काय लिहू?”

“सार्तू.”

“ते बाईचं नाव आहे.”

“ठाऊक आहे मला. लिही.”

त्यानं दोन्ही म्हाताऱ्यांकडे पाहिलं. दोघांनीही तोंड फिरवलं, तेव्हा त्यानं लिहिलं: माहद सार्तू.

लाल ट्रकच्या फळीवर बसून सार्तूनं पोराला ओढणीखाली पाजायला घेतलं. समोरच्या निळ्या ट्रकमध्ये अंबारोजवळ कुणी बसायला तयार नव्हतं. तिनं एकदाही इकडे पाहिलं नाही. ट्रक फाटकाबाहेर पडेपर्यंत तिनं ओढणी दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरली होती.