बाबांच्या डोळ्यातली माय

धरमपेठेतल्या माझ्या स्टुडिओत प्रेमिला वडिलांचा नखाएवढा फोटो घेऊन आली.

"मी पाळण्यात होती तवाच माय गेली, भाऊ. तिचा एकही फोटो नाही. हा काढताना ती समोर उभी होती म्हणते मावशी. बाबाच्या डोळ्यात दिसन का?"

"काहून नाही दिसणार? बस वं त्या खिडकीपाशी."

आपलं मशीनच तसं! डोळा ताटाएवढा केला तरी रेषभर धूसर झाला नाही. बुबुळात बाई उभी! मी फक्त पेन्सिल फिरवली, अधूनमधून खिडकीकडे पाहत.

प्रेमिला चष्मा सावरत फोटो न्याहाळत राहिली.

"मायले कुठचा चष्मा गा, भाऊ?"

मी पेन्सिल हळूच खिशात सरकवली.

"तेवढा पुसून द्या," ती हळूच म्हणाली. "मी थेट मायवरच गेली, म्हणते मावशी."