गाळलेल्या जागा

तिसरं सॉफ्टवेअरही उघडलं आणि डोळ्यांदेखत मिटलं. लेकीने कपाळावर हात मारला.

"बाबा, याने कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून ठेवलंय. आपलं नेहमीचं काही इथे चालतच नाही. फोनवर लावून देऊ का?"

"फोनवर नको. इथेच. त्याच्या टेबलाशी, त्याच्याच स्पीकरवर," स्टेनोकाका म्हणाले आणि पोराच्या खुर्चीत ठाण मांडून बसले.

जन्मभर त्यांनी कचेरीत साहेबांची पत्रं लघुलिपीत उतरवून घेतली होती. साहेबांचं वाक्य निम्म्यावर असताना यांची पेन्सिल शेवटच्या शब्दाला टेकलेली असायची. गल्लीनेही त्यांचं नाव टाकून स्टेनोकाका हेच धरलं. कचेरीतून घरी आल्यावर ही सवय सुटायची, तर घरात तिला रान मोकळं मिळालं, कारण धाकटा मुलगा बोलताना अडखळायचा. "मला जरा..." म्हणून तो थांबला रे थांबला, की काका पुढचा शब्द त्याच्या पुढ्यात ठेवायचे. पाणी. छत्री. पुढे पुढे कॉलेजचा विषय, नोकरीसुद्धा. घरात कुणाचं काही अडत नसे.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि मुलगा गेला. भेटायला आलेल्या त्याच्या एका मित्राकडून कळलं, की तो पॉडकास्ट करायचा. विषय काय, तर घरातले किडे. कोळी, वाळवी, झुरळं. अनोळखी माणसं कान देऊन ऐकायची आणि घरच्यांना गंधवार्ता नाही.

लेक पुन्हा शोधाशोध करू लागली. एका वेबसाइटला आधी खातं उघडून हवं होतं. दुसरीवर जगातले यच्चयावत बडबडे होते, यांचाच तेवढा नव्हता. शेवटी कुणीतरी हौसेने केलेलं एक छोटंसं सॉफ्टवेअर सापडलं. तिने मित्राने दिलेला पत्ता त्यात टाकला आणि बटण दाबलं.

"नमस्कार, आज आपण वाळवीच्या राणीबद्दल बोलणार आहोत. ही बाई आयुष्यभर जागची हलत नाही..."

आवाज त्याचाच होता. पण नळ सोडावा तसा सरळ वाहत होता. कुठे खळ नाही, कुठे अडणं नाही. लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काका मात्र दगडासारखे बसले.

त्या आठवड्यात त्यांनी एकेक भाग ऐकून काढला. शेवटचा तेवढा राखून ठेवला. तो संपला की पोराचं नवं असं काहीच उरणार नव्हतं. अन्नावरची त्यांची वासना उडाली. एका सकाळी लेकीने चहा पुढे ठेवला, तेव्हा त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

"परक्यांशी घडाघडा बोलायचा गं. अडखळायचा तो माझ्यासमोर. माझ्या धाकाने जीभ अडकायची त्याची."

"काहीतरीच काय, बाबा!"

"काहीतरीच कसं? कानांनी ऐकतोय मी." मग कपाळाला आठी पडली. "एक मात्र कळत नाही. हा श्वास कधी घेतो? इतक्या साहेबांची डिक्टेशनं घेतली, मध्ये श्वास न घेता बोलणारा एकही पाहिला नाही."

लेक चमकली. तिने चहा तसाच ठेवला आणि सॉफ्टवेअरची सेटिंग्ज एकेक करून उघडली. तळाशी एका चौकटीत बरोबरची खूण होती. तिने ती दोनदा वाचली.

"बाबा, हे बोलण्यातल्या रिकाम्या जागा काढून टाकतंय. ऐकणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून. आधीपासून चालूच होतं, मी बघितलंच नाही." ती त्यांच्याकडे वळली. "तो सगळ्यांसमोरच अडखळत होता. तुमच्यामुळे नाही."

काकांनी डोळे मिटले. छातीवरची धोंड उतरल्यासारखा मोठा सुस्कारा सोडला. मग म्हणाले, "काढ ती खूण. आणि शेवटचा भाग लाव. आता ऐकतो."

श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं, असा तो भाग होता. "नमस्कार," मुलगा म्हणाला आणि थांबला. किती ओळखीचं थांबणं ते! काकांना भडभडून आलं. पोरगा जणू आत्ता घरात आला.

"एकांनी विचारलंय, तुम्ही अडखळता, मग सगळ्यात अवघड कुठे जातं? तर मला सगळ्यात अवघड जातं ते..."

आवाज थांबला. स्पीकर नुसताच खरखरत होता.

"बापाशी बोलणं," काका म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"...फोनवर बोलणं," मुलगा म्हणाला.

लेक रडता रडता हसली. काकाही हसले. महिनाभरात पहिल्यांदाच.

"घरी सोपं आहे. बाबा शब्द पुरवतात. फार जीव लावून पुरवतात. फक्त तो शब्द बहुतेक वेळा..."

पुन्हा तीच शांतता. काकांचे ओठ हलले. पण या वेळी त्यांनी तोंडावर हात दाबून धरला आणि वाट पाहिली. शांतता लांबली. ते थांबून राहिले.

"...चुकीचा असतो," मुलगा म्हणाला. "मी तोच घेतो. त्यांना बरं वाटतं."