पाण्याचं इंजेक्शन

वेंकोबारावांना आजवर कोणी फसवू शकलं नव्हतं. अपवाद एकच, लष्कर मोहल्ल्यातल्या छापखान्याचं कागद कापायचं मशीन. दोन वर्षांपूर्वी त्यानं त्यांची उजवी तर्जनी नेली. उरलेल्या थोटकाला सदऱ्याची बाही लागली तरी खांद्यापर्यंत करंट जाई.

आता ते थोटूक डॉक्टर चैत्रालींच्या टेबलावर होतं, बायको सुमित्राबाई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि डॉक्टरबाई इंजेक्शन भरत होत्या.

"नसेच्या टोकाला गाठ झालीय. ऑपरेशन करून गाठ काढता येते, टोक स्नायूत पुरता येतं. पण आधी हे. पाच मिनिटांनी काय वाटतं ते सांगा, मग ठरवू."

मग ठरवू! वेंकोबारावांनी कान टवकारले. बाई मूळच्या नाशिकच्या. म्हैसुरात इतकं शुद्ध मराठी बोलणारं माणूस काहीतरी लपवत असणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्यात छापखान्यातल्या गणपतरावांनी बजावलं होतं, "सुम्ने पाणी टोचतात रे, नुस्तं पाणी. बरं वाटलं म्हणालास की लिहितात, दुखणं मनाचं. मग कुठलं ऑपरेशन? चल घरी!"

तसंच घरी जाऊन चालणार नव्हतं. दोन महिन्यांनी अन्विताचं लग्न. कन्यादानाचं पाणी हातावर पडताना मुलीचा बापच किंचाळला, तर व्याही काय म्हणतील?

इंजेक्शन झालं. बाई कागदावर वेळ लिहीत होत्या, तेवढ्यात वेंकोबारावांनी थोटूक हळूच टेबलाच्या कडेला टेकवलं. काही नाही. घासलं. काही नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीच नाही. त्यांचे डोळे भरून आले.

पाणीच आहे, त्यांनी स्वतःला दटावलं.

बाईंनी पेनानं थोटकावर टकटक केलं.

"अय्यय्यो!" वेंकोबाराव ओरडले. डोळ्यांतलं पाणी आयतंच कामाला आलं.

"पहिल्यासारखंच?"

"जास्तच!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग ऑपरेशनचा उपयोग नाही. ती नस मी पूर्ण बधिर केली होती. दुखणं तिचं असतं, तर आता तुम्हाला कळलंही नसतं."

वेंकोबारावांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं, तर आधी खोटं सांगितल्याचं सांगावं लागणार होतं. त्यांनी तोंड मिटलं.

जिना उतरताना सुमित्राबाई थांबल्या. "अहो, टेबलाला बोट घासत होता, तेव्हा कुठं होती ही बोंब?"

वेंकोबाराव झपझप पुढच्या पायऱ्या उतरले.

सव्वाबाराला, बन्नीमंटपच्या स्टॉपवर, इंजेक्शनचा अंमल उतरला.