मांडीचं पथ्य

जतच्या सिद्धाप्पा वाण्यानं पस्तीस वर्षं दुकानाच्या गादीवर मांडी घालून तराजू धरला, आणि बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या गुडघ्यांनी दावा साधला. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, "यापुढं मांडी बंद." तेव्हापासून गौराक्का डोळ्यांत तेल घालून नवऱ्याच्या गुडघ्यांची राखण करायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा, "आवं, पाय पसरा!" म्हणून सगळ्यांदेखत ओरडायची.

सात वर्षांनी सिद्धाप्पा गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला मांडी घालून, बसवूनच पुरायचं होतं. भाऊबंदांनी अंगणात त्याचे ताठलेले गुडघे दुमडायला जोर लावला, तसा कडकन आवाज झाला.



गौराक्का धावत आडवी आली, "आरं, नगा रं! डाक्टरनं मांडी घालायची न्हाई म्हणून सांगितलंय त्यास्नी!"