पत्र्याचा गडगडाट

पोलादाचे पत्रे लाटणाऱ्या मिलमध्ये कामगारांचं नाटक चाललं होतं. वादळाचा प्रवेश आला आणि नेमका स्पीकर बंद पडला.

"केवढा हा गडगडाट!" नायक म्हणाला. प्रेक्षकांत हशा पिकला.

पडदा ओढायला उभी असलेली हौसाबाई धावली. नेपथ्यासाठी आणलेला पातळ पत्रा तिने विंगेत दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. असा कडकडाट झाला, की मॅनेजरसाहेब दचकून उभेच राहिले. टाळ्यांचा पाऊस पडला.

इतकी वर्षं पत्रे लाटले, पण टाळी कुणी वाजवली नव्हती. ती हलवतच राहिली.

"पाऊस थांबला वाटतं," नायक म्हणाला. मग विंगेकडे बघून ओरडला, "थांबला!"

हौसाबाईला ऐकूच येईना. शेवटी त्याने नायिकेचा हात धरला.

"चल प्रिये, भिजतच जाऊ."