दुहेरी टीप
मोबाइलच्या टॉवरवर अँटेना बसवताना पडून नवरा गेला, त्याच्या चौथ्या दिवशी साहेब सेफ्टी बेल्ट घेऊन घरी आले. “वहिनी, बेल्ट दिला होता. त्यानं घातलाच नाही. तसं लिहिलंय, सही करा.” सासरे उसळले, “माझा पोरगा बेल्टशिवाय शिडीला हात लावायचा नाही!” तिनं पट्टा उलटापालटा करून पाहिला. कोरा करकरीत. हा त्याचा नव्हताच. त्याचा खांद्यापाशी विरला होता. नवा मागून मागून तो थकला, तेव्हा तिनंच जाड दोऱ्यानं दुहेरी टीप घालून दिली होती. “आता हत्ती लटकला तरी तुटायची नाही,” म्हणत तो हसला होता. “सूनबाई, सांग यांना! बेल्ट घालूनच चढला होता ना तो?” साहेबांनी पेन पुढे केलं. तिनं सुई टोचलेलं बोट मुठीत लपवलं. “नव्हता घातला,” एवढंच म्हणून तिनं सही केली.